कमरेला आणखी एक किल्ली

लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी कोठीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "हरवू नकोस आणि दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. मग कपाटाची, माळ्यावरच्या ट्रंकेची, बँकेतल्या लॉकरची अशा एकेक किल्ल्या माझ्याकडे येत गेल्या. पण घरातल्या एका कुलपाची किल्ली मात्र चांगली दोन वर्षं एका परक्या माणसाच्या बॅगेत होती नि त्याचं आम्हां कुणालाच काही वाटत नव्हतं! ते कुलूप म्हणजे आमच्या घरचं वाय-फाय.

त्याचं असं झालं. आमचा वाईतला वाडा जुना. भिंती दगडमातीच्या, दोन-दोन हात रुंद. उन्हाळ्यात गारवा छान राहतो, पण वाय-फायच्या लहरींना या भिंती म्हणजे किल्ल्याचा तटच! त्यातही वाय-फायच्या दोन जाती असतात. एक पाच गिगाहर्ट्‌झची, चपळ, पण भिंत आली की लगेच दमणारी. दुसरी २.४ गिगाहर्ट्‌झची, जरा सावकाश चालणारी, पण भिंतीतून त्यातल्या त्यात पलीकडे पोचणारी. आमच्या भिंतींपुढे दोघींनीही हात टेकले होते. २०२१ साली मुलांच्या शाळा घरातच भरू लागल्या तेव्हा एका गृहस्थांनी येऊन ओसरीवर, माजघरात नि माडीवर अशा तीन पांढऱ्या चौकोनी डब्या छताला बसवून दिल्या. त्यांना ॲक्सेस पॉइंट म्हणतात. प्रत्येक डबीला एकच वायर. त्याच वायरीतून वीजही जाते नि इंटरनेटही. मला त्याचं तेव्हाही मोठं नवल वाटलं होतं.

डब्या बसल्या, शाळा सुरू झाली, आम्ही खूष. पण पुढे पासवर्ड बदलायची वेळ आली की त्या गृहस्थांनाच बोलवावं लागे. दरवेळी दोनशे रुपये. माणूस वाईट नव्हता हो, पण त्यांनी गाव बदललं नि नंतर फोन उचलायचंच सोडलं. तोवर आमचा पासवर्ड माझ्या शिकवणीच्या मुलांनी आपल्या भावंडांना, भावंडांनी मित्रांना असं करत करत सगळ्या बोळात पोचला होता. संध्याकाळी आमच्या दारच्या कट्ट्यावर पाच-सहा पोरं माना खाली घालून बसलेली. सासूबाईंना वाटायचं, पोरं किती शांत झाली आहेत! आणि घरात चिरंजीवांचा गणिताचा तास सुरू झाला की चित्र जागच्या जागी थिजायचं.

हे पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी येणार. फोनवर सांगितलं की ठरलेलं उत्तर यायचं, "राहू दे, मी आल्यावर बघतो." आल्यावर जेवण, झोप, बाजार, की रविवार संपला. असे तीन महिने गेले. शेवटी २०२३ च्या जूनमध्ये, चिरंजीवांचं दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा मीच पदर खोचला. माझी बी.ए. इतिहासाची. यंत्राशी संबंध मिक्सर नि शिलाई मशीन एवढाच. पण म्हटलं, बाळंतविडा पुस्तकात बघून विणला, मग हे का नाही जमणार?

आधी समजून घ्यायला लागलं की किल्ली नेमकी असते कुठे. एकटा-दुकटा राउटर असेल तर ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून थेट त्याच्याच घरात शिरता येतं. पण तीन-तीन डब्या असल्या की प्रत्येकीला वेगळं सांगत बसायचं म्हणजे कटकट. म्हणून एक सॉफ्टवेअर असतं, त्याला कंट्रोलर म्हणतात. तिघींना हुकूम सोडायचा तो त्यानं. तो राहतो संगणकावर, पण त्याला भेटायचं असतं ब्राउझरमधून, म्हणजे आपण ज्या खिडकीतून रेल्वेचं तिकीट काढतो किंवा विजेचं बिल भरतो, त्याच खिडकीतून. निरनिराळ्या कंपन्यांची अशी सॉफ्टवेअर्स आहेत. आमच्या डब्या टीपी-लिंकच्या, त्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव ओमाडा. ते कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. आमचा कंट्रोलर त्या गृहस्थांच्या लॅपटॉपवर होता. म्हणजे घर आमचं, डब्या आमच्या, महिन्याचं बिल आमचं, नि मालकी मात्र दुसऱ्या गावी गेलेली!

ओसरीवर ह्यांचा एक जुना विंडोजचा संगणक धूळ खात पडला होता. तो पुसून-बिसून चालू केला. ओमाडाला आधी जावा नावाचं दुसरं एक सॉफ्टवेअर लागत होतं. मोदकाआधी उकड काढावी लागते, तसंच. ते बसवलं, मग ओमाडा बसवलं. मध्येच विंडोजनं काहीतरी परवानगी मागितली. कुणी अनोळखी दिसलं की दार लावून घ्यायची माझी सवय! मी आपलं 'नाही' म्हणून टाकलं. त्या 'नाही'नं पुढे तासभर मला रडवलं, पण ते नंतर.

काही मिनिटांनी ब्राउझर आपोआप उघडला आणि पडद्यावर लाल खूण नि इशारा: तुमचं कनेक्शन खाजगी नाही! माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, संपलं, काहीतरी भलतंच होऊन बसलं. मग नीट वाचलं. संकेतस्थळाजवळ आपली ओळख पटवणारं एक प्रमाणपत्र असतं, ते कुणा मान्यवर संस्थेनं दिलेलं असावं लागतं. हा कंट्रोलर मात्र आपल्याच संगणकावर जन्मलेला, म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र दिलेलं! स्वतःच्या चारित्र्याचा दाखला स्वतःच लिहून आणणाऱ्या नवऱ्यामुलाकडे मुलीचा बाप जसा बघेल, तसा ब्राउझर त्याच्याकडे बघतो. वरचा पत्ता 'लोकलहोस्ट' आहे, म्हणजे आपण आपल्याच संगणकाशी बोलतो आहोत, एवढी खात्री करून घेतली नि पुढे गेले. पण मैत्रिणींनो, एक सांगून ठेवते. हाच इशारा बँकेच्या पानावर दिसला तर तिथूनच माघारी फिरायचं. घरच्या दारात चालेल ते परक्याच्या दारात चालत नाही.

मग त्यानं एकामागून एक प्रश्न विचारले. कंट्रोलरचं नाव काय, देश कुठला, वेळ कुठली. आणि म्हणाला, आता तुमच्या डब्या दाखवतो. दाखवल्या किती? शून्य! तिन्ही डब्या डोक्यावर दिवे लावून बसलेल्या नि हा म्हणतो, एकही नाही. तासभर डोकं खाजवल्यावर त्या 'नाही'ची आठवण झाली. विंडोजची फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. मीच त्याला या बाईला आत घेऊ नकोस म्हणून बजावलेलं, मग डब्यांचा निरोप आत येणार कसा? फायरवॉलमध्ये जाऊन परवानगी दिली. पान पुन्हा उघडलं तर तीन ओळी! पण प्रत्येकीपुढे लिहिलेलं, 'मॅनेज्ड बाय अदर्स'. दुसऱ्याच्या ताब्यात.

त्या तीन शब्दांनी मला खरं तर चीड आली. आणि चीड आली की मला काम सुचतं.

जुना पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता, तेव्हा एकच उपाय. प्रत्येक डबीला एक बारीक भोक असतं, त्यात पिन घालून आतलं बटण काही सेकंद दाबून धरायचं. की डबी सगळं विसरते नि कारखान्यातून आली तेव्हा जशी होती तशी होते. शिडी लावली, चिरंजीवांनी ती धरली, मी मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली. सासूबाई खालून म्हणाल्या, "अगं, त्या डबीचे कान टोचते आहेस का?" माडीवरच्या डबीच्या वेळी पिन लवकर काढली गेली म्हणून दोनदा शिडी चढावी लागली.

खाली येऊन बघते तर आता प्रत्येकीपुढे 'पेंडिंग', नि शेजारी एक बटण: 'ॲडॉप्ट'. दत्तक घ्या! मी एकटीच हसले. या वाड्याला दत्तकविधान नवीन नाही, ह्यांचे पणजोबाच दत्तक आलेले. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. आधीच्या घरचं नातं सुटल्याशिवाय नव्या घरचं नाव लागत नाही." बटण दाबलं. ॲडॉप्टिंग, कॉन्फिगरिंग आणि दोन-चार मिनिटांनी हिरव्या अक्षरात 'कनेक्टेड'. तिघींची नावं ठेवली: ओसरी, माजघर, माडी.

मग पुढचं काम सोपं होतं. वाय-फायची दोन नावं केली. एक घरचं, एक शिकवणीच्या मुलांसाठी. पाहुण्यांसाठी म्हणून जे वेगळं जाळं करता येतं, त्यात आलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातल्या प्रिंटरला नि संगणकाला हात लावता येत नाही. ओसरीवर बसा, पाणी प्या, पण माजघरात येऊ नका, तसं. त्या मुलांचा पासवर्ड मी आता दर परीक्षेनंतर बदलते. कट्ट्यावरची गर्दी दोन दिवसांत ओसरली नि गणिताचा तास सुरळीत सुरू झाला. ह्यांना फोन केला तर पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "तू? शिडीवर चढलीस?" त्यात कौतुक किती नि काळजी किती, ते मला अजून कळलेलं नाही.

इथवर लिहून थांबले असते तर लेख छान गोड झाला असता. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

कंट्रोलरमध्ये एक यादी दिसते. घरच्या वाय-फायला कोणकोणती यंत्रं जोडली आहेत, कुठल्या डबीला, किती वेळ, नि किती डाटा वापरला. कोण काय बघतं किंवा बोलतं ते आमच्या यादीत दिसत नाही. पण केव्हा नि किती, हे दिसतं. यादीत अकरा नावं होती, तीही विचित्र. हल्लीचे फोन, अँड्रॉइडचे २०१९ पासून नि आयफोन २०२० पासून, प्रत्येक वाय-फायला आपला खरा क्रमांक न सांगता एक बनावट क्रमांक सांगतात, माग लागू नये म्हणून. त्यामुळे कुठलं यंत्र कुणाचं, हे घरभर फिरून एकेक फोन हातात घेऊन जुळवावं लागलं. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तशी मी नावं लिहीत गेले: माझा फोन, ह्यांचा लॅपटॉप, चिरंजीवांचा फोन, टीव्ही. दहा जुळले. अकरावं राहिलं. ते त्या वेळी बंद होतं. म्हटलं, असेल कुणा पाहुण्याचं.

पुढच्या रविवारी मागच्या जोडण्यांची नोंद उघडली. उगीच, सहज. नवी किल्ली हाती आली की माणूस गरज नसताना कपाट उघडून बघतं ना, तसं. आणि त्यात ते अकरावं यंत्र दिसलं. रोज रात्री दीडच्या सुमाराला माडीवरच्या डबीला जोडलं जाई, अडीचच्या आसपास सुटे. सातही रात्री. वापरही चांगला दणदणीत, चित्रपट बघावा एवढा.

माडीवर कोण झोपतं? एका खोलीत चिरंजीव नि त्याला लागून सासूबाई. सासूबाईंजवळ साधा बटणांचा फोन. मग राहिलं कोण? त्याचा नेहमीचा फोन रात्री शांत होता, पण मी नुकतंच वाचलेलं ना, फोन बनावट नावानं वावरतात म्हणून! अर्धवट ज्ञान हे असं. मी मनात जुळवून टाकलं की यानं मित्राचा जुना फोन आणलेला असणार, नि दहावीच्या वर्षात रात्री दीड वाजता...

त्याला खाली बोलावलं, पडद्यासमोर उभं केलं. "हे काय?" तो म्हणाला, "मला माहीत नाही." मी म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही." तो म्हणाला, "म्हणजे मी बोलतो?" आणि निघून गेला. रात्री मी कंट्रोलरमध्ये वेळापत्रक लावलं. घरचं वाय-फाय रात्री अकराला बंद, पहाटे पाचला सुरू. एका बटणाचं काम. ह्यांनाही फोनवर सांगितलं, ते म्हणाले, "चांगलं केलंस." मलाही तेव्हा फार कर्तबगार वाटलं, खोटं कशाला सांगू!

तीन दिवस चिरंजीव माझ्याशी कामापुरतं बोलत होता. त्यातच न्यू जर्सीहून वन्संचा निरोप आला माझ्या फोनवर, "वहिनी, आई बरी आहे ना?" मी लिहिलं, "अगदी मजेत." असं मध्येच का विचारलं, हा प्रश्न मला पडला नाही. सासूबाई त्या दिवसांत जेवताना गप्प गप्प होत्या, त्याचाही अर्थ मी माझ्या सोयीनं लावला: नातवाला बोलले म्हणून रुसल्या असतील.

चौथ्या रात्री पावसाचा शिरवा आला म्हणून माडीवरच्या खिडक्या लावायला गेले. सासूबाईंच्या खोलीत उजेड. डोकावले तर त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या, डोक्यावरून शाल घेतलेली नि मांडीवर टॅब. वन्संनी मागच्या खेपेला दिलेला. आम्ही सगळे धरून चाललो होतो की तो कपाटात खोळीसकट पडून आहे. मला बघून त्या चपापल्या. मग म्हणाल्या, "अगं, नेट बिघडलंय का? तीन दिवस झाले, लागतच नाही. ती वाट बघत असेल."

आपल्याकडे रात्रीचा दीड म्हणजे तिकडे उन्हाळ्यात दुपारचे चार. वन्सं कामावरून घरी येतात ती वेळ. जानेवारीपासून त्या एकट्या राहत होत्या. जावयांनी वेगळं बिऱ्हाड केलं होतं. भावाला अजून सांगायचं नव्हतं, त्याला त्रास होईल म्हणून. "रिकाम्या घरात कुलूप उघडून शिरणं तिला नको वाटतं गं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून ती दार उघडायच्या आधी मला लावते. मी नुसती समोर असते. ती चहा करते, भाजी चिरते. बोलतोच असं नाही. तासाभरानं म्हणते, आई, झोप आता." आणि मग सासूबाई टॅब पुरता बंद करून कपाटात ठेवत, बिल वाढू नये म्हणून. म्हणूनच तो माझ्या यादीत दिवसा कधी सापडला नव्हता.

मी तिथेच जमिनीवर बसले. काय बोलावं सुचेना. तीन दिवस त्या लेकीनं एकटीनं कुलूप उघडलं होतं, नि ते मी इथे वाईत बसून एका बटणानं केलं होतं. खाली गेले, संगणकासमोर बसून वेळापत्रक काढून टाकलं, वर आले. टॅबला वाय-फाय लागलं. पलीकडून वन्संचा आवाज आला, "आई! अगं होतीस कुठे?" मी दार ओढून घेतलं.

सकाळी आधी चिरंजीवांची माफी मागितली. आईनं माफी मागायची सवय त्याला नव्हती नि मलाही नव्हती. तो म्हणाला, "यंत्र खोटं बोललं नव्हतं आई. तूच पुढचं बोललीस." पंधरा वर्षांचं पोर! पण खरं तेच होतं. यादीत जे होतं त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. माडी, दीड वाजता, तासभर. त्यात कोण नि का, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनातलं भरलं. माडीवर जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं, यादी दिसते हेही. त्या विचारात पडल्या. "आम्ही काय बोलतो ते दिसतं का त्यात?"

"नाही, आई. फक्त केव्हा जोडलं नि किती वापरलं, एवढंच."

"तेवढं तरी कशाला दिसायला हवं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. कोठीची किल्ली माझ्याकडे असते म्हणून सासूबाईंच्या फडताळातला डबा मी उघडत नाही. कुणी तसं सांगितलेलं नाही, पण उघडत नाही. मग ही यादी म्हणजे तरी काय? घरातल्या प्रत्येकाचं फडताळच ते.

म्हणून आता घरात काही नियम केले आहेत, ते मैत्रिणींच्या उपयोगी पडतील असं वाटतं. पहिला, यादीत काय दिसतं नि काय दिसत नाही, ते घरातल्या सगळ्यांना सांगायचं. शिकवणीच्या मुलांनासुद्धा. दुसरा, मागची नोंद उघडायची ती नेट अडलं, कुणी परका शिरला असं वाटलं तरच. तिसरा, काही बंद करायचं असेल तर आधी बोलायचं. चिरंजीवांच्या फोनचा प्रश्न होताच, नाही असं नाही. पण त्यावर बोलणं झालं नि आता रात्री दहानंतर त्याचा नि माझा, दोन्ही फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर झोपतात. माझाही, ही त्याची अट.

किल्लीबद्दल म्हणाल, तर ती मात्र जरूर आपल्या हाती घ्या. घरात कुणी माणूस डब्या बसवून गेला असेल तर त्याच्याकडून नाव नि पासवर्ड पैसे देण्यापूर्वीच लिहून घ्या. तो देताना जो पासवर्ड असेल तो त्याच दिवशी बदला. कारखान्यातून आलेला तर कधीच ठेवू नका, तो सगळ्या जगाला ठाऊक असतो. कंट्रोलरमधली सगळी मांडणी एका फाइलमध्ये उतरवून घेता येते, ती पेन-ड्राइव्हवर ठेवा. संगणक बिघडला तर पुन्हा शिडीवर चढावं लागत नाही. कंपनीनं नवी सुधारणा दिली की ती चढवा, पण मुलांचा तास चालू असताना नको, कारण डबी मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. आणि संगणक रात्री बंद ठेवला तरी घाबरू नका. एकदा सांगून झालं की डब्या आपलं काम बिनबोभाट करत राहतात. आमचा संगणक मी आता रात्री बंदच ठेवते. त्यामुळे विजेची बचत होते, आणि रात्रीची नोंदही होत नाही. हे दुसरं कारण मी ह्यांना आधी सांगितलं नव्हतं.

आता सांगितलं आहे. वन्संनीच गणपतीच्या आधी भावाला फोन करून सगळं कळवलं. हे सबंध दिवस काही बोलले नाहीत, रात्री मात्र दीडचा गजर लावून माडीवर गेले. हा लेखही मी वन्संना वाचून दाखवूनच पाठवते आहे. त्या म्हणाल्या, "लिही वहिनी, पण आईच्या चहाचंही लिही." तर लिहिते: सासूबाई आता रात्री दीड वाजता स्वतःसाठीही अर्धा कप चहा करतात, चोरून नव्हे.

परवा पासवर्डाची एक चिठ्ठी पाकिटात घालून सासूबाईंकडे दिली. घरात दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असावा म्हणून. त्यांनी ती आपल्या फडताळातल्या डब्यात ठेवली. मी म्हणाले, "आई, हरवू नका आणि दुसऱ्याच्या हातात देऊ नका."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "हे मला कोण शिकवतंय!" म्हणाल्या.